जाईबाईचा अंगठा

श्रेया, तो मोबाईल ठेव बाजूला आणि वही घे. मी बोलते तसंच लिही, मध्ये तुझं पुस्तकी मराठी घुसडू नको. तुमच्या युनिव्हर्सिटीतल्या मंडळाला जाईबाईवर काहीतरी छापायचंय ना? मग माझ्याच तोंडून घ्या. तिला विचारायला गेलात तर म्हणेल, माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं, आणि चहा पाजून वाटेला लावेल तुम्हाला.

जाईबाई आमच्या मजल्यावरची. लालबागची ही चाळ, तिसरा मजला, मी बारा नंबरात आणि ती चौदात. मधल्या तेरा नंबरातच सगळं घडलं, ते सांगतेच. मालवणाकडून लग्न होऊन आली तेव्हा ती अठराची होती, मी वीसची. नवरा मिलमध्ये साच्यावर, कापड विणायच्या कामाला. संप झाला, मिल काही नीट चालू झाली नाही, आणि चार वर्षांत माणूस खंगून गेला. पदरात एक मुलगी. तेव्हा खालच्या मजल्यावर एक म्हातारी होती, बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची. जाई तिच्या हाताखाली गेली. सहा महिन्यांत म्हातारी म्हणाली, बाय, आता तूच जा, तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे.

तेव्हापासून सकाळी सहाला जी निघायची ती दुपारी एकला घरात. पहिलं घर प्रभादेवीचं, मग दादर, मग थेट गिरगावात फणसवाडीला. पाटावर बसायची, पाय लांब करायची, पायांवर पोर पालथं. खोबरेल तेल कोमट. पोर आधी बोंबलायचं आणि मग असं गाढ झोपायचं की आईच घाबरायची. किती पोरं न्हाऊ घातली त्याचा हिशोब नाही. मी न्हाऊ घातलंय तुला, ह्या एका वाक्यावर अर्ध्या लालबागला ती गप्प करते. आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी हितेंद्र, एवढा मोठा मिशीवाला माणूस, जरा आवाज चढवून बोलला की ही म्हणते, "हितू, तुझ्या ढुंगणावरचा तीळ कुठच्या बाजूला आहे ते सांगू काय सगळ्यांना?"

आता अंगठ्याचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. नवरा गेल्यावर दोन महिन्यांनी मिलचा एक माणूस कागद घेऊन आला. वहिनी, इथे अंगठा द्या, तुमच्या हक्काचं मिळेल. हिने दिला. नंतर युनियनच्या माणसाने वाचून दाखवलं तर त्यात लिहिलेलं, माझ्या नवऱ्याने राजीखुशीने नोकरी सोडली. राजीखुशीने! म्हणजे हक्काचा एक पैसा नाही. त्या दिवशी ती माझ्या उंबऱ्यावर बसून राखेने अंगठा घासत होती. शाई निघाली, कातडी निघाली, तरी घासतेच आहे. मी हात धरला तेव्हा थांबली. म्हणाली, दुर्गे, ह्यापुढे कुठच्याच कागदावर अंगठा नाय. आणि नाही दिला. रेशनवाल्याच्या मशीनवर देते, म्हणते मशीन वाचून दाखवायचं नाटक तरी करत नाही.

तर दोन वर्षांमागे, दिवाळी होऊन गेली आणि फणसवाडीच्या देविका मॅडम आल्या तिच्याकडे. देविका मॅडम प्रोफेसर. त्यांची दोन्ही मुलं जाईच्या हातची. त्यांनीच युनिव्हर्सिटीत आफ्रिकेतनं शिकायला आलेल्या मुलामुलींचं मंडळ काढलंय, तू आता मदतीला जातेस तेच हे. घानाची, मलावीची, टांझानियाची मुलं. कुणाला खोली मिळत नाही, कुणाचे पोलिसांकडचे कागद अडतात, कुणी आजारी पडतं, सगळ्यांना मंडळ. आणि महिन्याच्या एका शनिवारी एकाने आपल्या घरची रीत करून दाखवायची, आपल्याकडचं जेवण रांधायचं. मॅडमचं म्हणणं, शिकायला आलात म्हणून घर विसरायची अट नाही.

त्यातली एक अमा, घानाची. झाडाच्या सालीतून औषध काढायचं काहीतरी शिकत होती, मोठी डॉक्टरेट का काय ती. चार वर्षं झालेली, शेवटचे दोन महिने राहिलेले आणि तिला आठवा लागलेला. नवरा तिकडे मास्तर. उन्हाळ्यात ही घरी जाऊन आलेली, त्याला इकडे यायला जमत नव्हतं. होस्टेलात बाळंतीण ठेवत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "जाईबाई, तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. बाळंतपण करायला कुणी बाईमाणूस नाही. तुम्ही बघाल?"

तेरा नंबर रिकामाच होता, तिथले कुशाबा कणकवलीला गावी गेलेले. त्यांना फोन केला, ते राजी. पण हितेंद्रने मीटिंग भरवली. फॉरेनर आहे, चाळीला ताप होईल, कोण जबाबदार? जाईबाई उभी राहिली. "मी जबाबदार. आणि हितू, तुझी आई तुला घेऊन ह्या चाळीत आली तेव्हा तीही सावंतवाडीची फॉरेनरच होती." मीटिंग दहा मिनिटांत संपली.

अमा आली. उंच, दांडगी, हसली की अख्खा मजला हसायचा. मराठी मोडकंतोडकं, त्यात हिंदी मिसळलेली, पण कळायचं सगळं. जाईला मावशी म्हणायची आणि जाई तिला चेडवा म्हणायची, आमच्या मालवणीत मुलीला म्हणतात तसं. पोटाला तेल लावताना दोघी तासभर गप्पा. तिने सांगितलं की त्यांच्याकडेही आजी बाळंतिणीला कडकडीत पाण्याने शेकते. जाई खूष. मला येऊन म्हणते, "तिकडची माणसं शहाणी आहेत गो."

पोर पंधरा दिवस आधीच आलं. शुक्रवारी, जानेवारीतली थंडी. मुलगी झाली. सोमवारी दोघींना घरी आणलं आणि त्याच सोमवारी घानाहून तिचं एक पाकीट आलं कुरियरने. त्यात एक कागद. तिच्या तिकडच्या प्रोफेसरने सही करून शिक्का मारून पाठवलेला, की हिचं काम मी बघितलंय, खरं आहे. तो कागद तिने चार वर्षांत लिहिलेल्या पुस्तकाला जोडायचा, पुस्तक बांधून घ्यायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात द्यायचं. मुदत आधीच दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. पाच वाजून गेले की चार वर्षं पाण्यात. हे तिने आम्हाला सोमवारीच सांगितलं. मला समजलं. जाईलाही समजलं, पण कुठचा कागद, दिसतो कसा, ते काय आम्हाला ठाऊक?

आणि त्याच सोमवारी दोघींचं वाजलं. अमा म्हणाली, "मावशी, आमच्याकडे आठव्या दिवशी पहाटे बाळाला पहिल्यांदा बाहेर आणतात. नाव ठेवतात. तोपर्यंत ते पाहुणं असतं. आठव्या दिवशी आलं म्हणजे राहायला आलं."

जाईने कपाळाला हात लावला. "सव्वा महिना बाळंतीण आणि पोर उंबऱ्याबाहेर पडत नाय. आणि तू पहाटेच्या थंडीत आठ दिवसांचं पोर बाहेर काढणार? माझ्या हातून नाय होणार ते."

"मग मी करीन."

"कर. मग मी चौदा नंबरात बसते दार लावून."

दोघी सारख्याच हट्टी. पोर भूक लागून रडायला लागलं तेव्हा कुठे गप्प झाल्या. संध्याकाळी देविका मॅडम आल्या आणि त्यांनी मध्ये पडून सौदा केला. जाईने पाचवी पुजायची, आमच्या रीतीने. अमाने आठवा दिवस करायचा, तिच्या रीतीने. पण डोक्याला स्कार्फ आणि कानात कापूस, बाहेर पडली की काढायचा नाही, अगदी ऑफिसात गेली तरी. अमाने हात पुढे केला. जाईने त्या हातावर टाळी दिली.

मग अमा म्हणाली, "आणि मावशी, पाणी तूच द्यायचं."

ती रीत अशी. दोन पेले. एकात पाणी, एकात त्यांच्याकडची दारू, पाण्यासारखीच पांढरी, दिसायला दोन्ही सारखी. घरातल्या मोठ्या माणसाने बोट बुडवून पोराच्या जिभेला लावायचं आणि म्हणायचं, पाणी असेल तर पाणी म्हण. मग दुसऱ्याचं. म्हणजे पोराने जन्मभर खरं बोलावं. आणि जो हे करतो त्याच्या स्वभावावर पोर जातं, म्हणून सरळ माणूस शोधतात.

"दारू?" जाई ओरडलीच. "आठ दिवसांच्या पोराच्या जिभेला?" मग जरा विचार करून म्हणते, "शहाळ्याचं पाणी चालेल काय? तेही पाण्यासारखंच दिसतं, पण पाणी नाय."

अमाने तिला मिठीच मारली. जाई मला रात्री जेवताना म्हणाली, "दुर्गे, सरळ माणूस म्हणून निवडलंन मला."

आता मंगळवार. पाचवी. दिवेलागणीला जाईने पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, तेलाचा दिवा लावला. सटवाई येते आणि पोराचं नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवायचं. अमाच्या अंगात दुपारपासून जरा ताप, ती निजलेली. जाईने मेजावरून पेन घेतलं आणि कागद घेतला. जाडसर, पांढराशुभ्र. वरची बाजू कोरी. उलटून बघायचं तिच्या मनात आलं नाही, दिवा होता हातात. त्यावर हळदीची पाच बोटं काढली, कुंकू टाकलं, तांदूळ ठेवले, आणि पेन आडवं ठेवलं. मी तिथेच होते. मीही हात जोडले. काय ते लिही बाई चांगलं, म्हटलं.

बुधवारी सकाळी कागद उचलला तर खालून छपाई. निळी सही, गोल शिक्का. हळद आरपार गेलेली आणि दिव्याचं तेल सांडून कोपरा पारदर्शक झालेला. आम्हाला दोघींना अक्षर येत नाही, पण शिक्का कळतो, गो. मी म्हटलं, सांग तिला. ती म्हणाली, "आधी डाग काढते, मग सांगते." घरी नेऊन तांदळाचं पीठ चोळलं, तेल ओढून घेईल म्हणून. मग खालच्या इस्त्रीवाल्याकडून वर कोरं फडकं ठेवून इस्त्री फिरवून आणली. तेल गेलं थोडं. हळद पक्की झाली.

आणि तेवढ्यात अमाने विचारलंन, "मावशी, टेबलवर एक पेपर होता. पाहिलास?"

आणि जाई म्हणाली, "नाय गो."

मीही तिथे होते. मीही गप्प बसले. हे लिही, गाळू नको.

बुधवार, गुरुवार, अख्खं मंडळ तो कागद शोधत होतं. अमाला वाटलं, मंडळातल्या कुणीतरी झेरॉक्सला नेला आणि दुकानात राहिला. मलावीची ती थांडी दोन्ही दिवस गिरगाव ते परळ सगळी झेरॉक्सची दुकानं हिंडली. देविका मॅडमनी घानाला फोन लावला. तिकडचे प्रोफेसर जंगलात सालीच गोळा करायला गेलेले, आठवडाभर येणार नाहीत. दुसरा कागद शुक्रवारपर्यंत शक्यच नाही. ऑफिस म्हणालं, मूळ कागद लागेल, फोटो चालणार नाही. अमा पोराला पाजता पाजता लॅपटॉपवर पत्रं लिहीत होती आणि डोळ्यांतून पाणी. पण हात थांबत नव्हते. जाई तिचे पाय चेपत होती, मान खाली. कागद तिच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली.

गुरुवारी मी तिला म्हटलं, "अगो, देऊन टाक. हळद लागलेला तर हळद लागलेला." ती म्हणाली, "मिलच्या माणसाने मला फसवलं तेव्हा मी त्याला काय काय शिव्या घातल्या. आता हिने मला घातल्या तर?"

शुक्रवार उजाडायच्या आत मंडळ आलं. सगळी पांढऱ्या कपड्यात, त्यांच्यात आनंदाला पांढरं घालतात. वीसेक माणसं पांढरीशुभ्र जिन्याने गच्चीवर चाललेली. हितेंद्र ब्रश तोंडात घेऊन दारात आला तो तसाच उभा. "अरे, कोण गेलं? मला कुणी सांगितलं नाही!"

जाई म्हणाली, "कोण गेलं नाय रे मेल्या, कोण आलंय ते बघायला वर चल."

गच्चीवर थंडी मस्त. अमाच्या कानात कापूस, डोक्याला स्कार्फ. पोर पांढऱ्या दुपट्यात. फोनवर पोराचा बाप. दोन पेले मांडलेले. मॅडमनी पोर जाईच्या मांडीवर दिलं. पूर्वेला लाल व्हायला लागलेलं. अमाने त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, मग तेच इंग्रजीत, आणि मॅडमनी ते मराठीत सांगितलं, "जाईबाई, बोट बुडवा आणि म्हणा. पाणी असेल तेव्हा पाणी म्हण."

जाईने बोट बुडवलं. बोटावरून थेंब टपकला. हात पुढे गेला आणि पोराच्या ओठांपाशी थांबला.

"म्हणा," मॅडम म्हणाल्या.

"माका नाय जमत," जाई म्हणाली. तिने पोर माझ्याकडे दिलं, कमरेच्या पिशवीतून चौकोनी घडी काढली आणि अमाच्या समोर धरली. "हा तुझा कागद. मी पाचवीला कोरा समजून ठेवला. मग लपवला. तू विचारलंस तेव्हा नाय म्हटलं. कुठे आहे ते मला ठाऊक होतं."

अमाने घडी उलगडली. पिवळी पाच बोटं, मध्ये शिक्का, सही.

"मावशी, मी विचारलं होतं."

"व्हय."

"थांडी दो दिन घुमली. मी दोन दिवस रडले. तू माझे पाय दाबत होतीस."

"व्हय."

थांडी हळूच म्हणाली, मॅडमना द्या पोर, त्यांना करू दे. दोघंतिघं माना हलवायला लागले. अमाने हात वर केला.

"मी रागावले आहे," ती म्हणाली. "बहुत गुस्सा आहे. ते नंतर. सूरज वर येतो आहे. मावशी, पाणी दे."

जाईने पोर घेतलं. पुन्हा बोट बुडवलं. आणि म्हटलंन, तीनदा म्हटलंन. पाणी असेल तेव्हा पाणी म्हण. मग शहाळ्याचं बोट, शहाळं असेल तेव्हा शहाळं म्हण. पोराने ओठ चाटले, तोंड वाकडं केलं, आणि सगळी हसली, फोनमधला बाप पण. नाव ठेवलं अफिया. शुक्रवारी झालेल्या मुलीला त्यांच्यात हेच नाव. हितेंद्रने ब्रश खिशात घालून टाळ्या वाजवल्या.

पेढे कुणी खाल्ले आणि कुणी नाही, ते मला आठवत नाही. नऊला आम्ही टॅक्सीत. अमा, पोर, मॅडम, जाई आणि मी. आधी बाइंडरकडे, मग ऑफिसात. बारा वाजले.

खिडकीतला क्लार्क अभिषेक, तरुण मुलगा, केस वर उभे. त्याने पान बघितलं आणि पुस्तक परत सरकवलं. "मॅडम, हे नाही चालणार. हे काय लागलंय?"

"हळद," जाई म्हणाली.

"आजी, मूळ कागद स्वच्छ पाहिजे. ओरिजिनल."

"ओरिजिनलच आहे रे. डाग पण ओरिजिनल आहे."

मागच्या रांगेतली पोरं हसली. अभिषेक हसला नाही. "मला माझी नोकरी आहे, आजी. उद्या कुणी म्हणेल सहीच खोडून बदलली. तुम्ही जा, घानाहून नवीन आणा."

अमा पुढे झाली. कानात कापूस, डोक्याला स्कार्फ, छातीशी आठ दिवसांचं पोर. ती म्हणाली, "मी नाही जाणार. पाच वाजेपर्यंत माझा टाइम आहे. आता साडेबारा." आणि बाकावर बसली. तिच्या शेजारी जाई बसली. मीही बसले, काय करणार.

मॅडम आत मोठ्या साहेब मीनाक्षीबाई होत्या त्यांच्याकडे गेल्या. मीनाक्षीबाई बाहेर आल्या, पान उजेडात धरून बघितलं. म्हणाल्या, "सही वाचता येते, शिक्का येतो. घानाच्या त्या प्रोफेसरच्या ऑफिसने हीच सही म्हणून लिहून कळवलं, आणि डाग कुणाकडून कसा पडला ते त्या व्यक्तीने लेखी दिलं, तर मी घेईन. पण दोन्ही पाचच्या आत."

तिकडे अजून ऑफिस उघडलेलं नव्हतं. घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास. अमाने पत्र पाठवलं, पोराच्या बापाने तिकडे त्या ऑफिसच्या दारात जाऊन उभं राहायचं कबूल केलं.

आणि लेखी. अभिषेकने कोरा कागद काढला. "सांगा आजी. मी लिहितो, तुम्ही खाली अंगठा द्या."

जाई उठली नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिचा अंगठा मुठीत गेला होता. चाळीस वर्षांत कागदावर दिला नव्हता तिने.

"काय लिहिणार तू?" तिने विचारलं.

"नजरचुकीने डाग पडला, असं."

"नजरचूक नाय. लिही. मी न विचारता उचलला. हळदकुंकू लावलं. मग लपवला. मग विचारलं तेव्हा खोटं बोलले. चारही लिही."

"एवढं नको, आजी, तुमचंच नाव खराब होईल."

"माझं आहे ना? मग लिही."

त्याने लिहिलं. वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता मॅडम वाचतील. मॅडमनी वाचलं. तरी तिचं समाधान नाही. "तिसऱ्यांदा, जिला मी न्हाऊ घातलंय तिच्याकडून." आणि श्रेया, तुला फोन लावला, आठवतं? तू तेव्हा बारावीत. फोटो पाठवला तो तू फोनवर वाचून दाखवलास, सगळी खिडकी ऐकत होती. तू म्हणालीस, आजी, ह्यात जाईआजी चार वेळा चुकली असं लिहिलंय. जाई म्हणाली, "बरोबर वाचतंय पोर." आणि पदर खोचून पुढे झाली. अभिषेकने शाईचा डबा उघडला. तिने अंगठा बुडवला आणि असा दाबला, असा दाबला की टेबल हललं.

मग वाट बघणं. तीन वाजले. चार. पोर रडायला लागलं, जाईने तिथेच बाकावर पाय लांब केले, पोराला पायांवर घेतलं आणि नुसत्या हाताने पाठ चोळली. पोर झोपलं. अभिषेक खिडकीतून मान वर करून बघत होता. म्हणाला, "आजी, माझी बायको सातव्या महिन्यात आहे. परळला राहतो आम्ही."

"घर नंबर सांग," जाई म्हणाली.

पाचला दहा कमी असताना मीनाक्षीबाई बाहेर आल्या, हातात छापलेलं पत्र. घानाचं आलेलं. त्यांनी शिक्का उचलला, पुस्तकावर मारला, वेळ लिहिली. अमाने डोळे मिटले, बस्स. ओरडली नाही, नाचली नाही. पुस्तक आत गेलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मे महिन्यात तिची तोंडी परीक्षा झाली, पास झाली. जायच्या आधी पुस्तकाची एक प्रत आम्हाला दाखवायला आणली. पिवळं पान आहे त्यात, पाच बोटांसकट. जाईने पानं पुढे केली, मागे केली. "माझा अंगठा कुठाय?" मॅडम म्हणाल्या, तो ऑफिसच्या फायलीत. "फायलीत? मग मी दिला कशाला एवढा दाबून!" आता जाई महिन्याच्या त्या शनिवारी मंडळात जाते. कुणी तिकडची बाळंतीण असली की तिची पाचवी आणि आठवा दोन्ही करते. कोरा कागद मात्र वाण्याकडून नवीन आणते, दोन्ही बाजूंनी उलटून बघते आणि मग मला दाखवते, जशी काय मला वाचता येतं.

एक राहिलं बघ. त्या शुक्रवारी टॅक्सीतून परत येत होतो. भायखळ्याचा पूल आला. जाई अंगठ्याची शाई बघत होती. मी म्हटलं घरी गेल्यावर राख देते, तर म्हणाली नको, राहू दे. मग अमाने खिडकीतून बाहेर बघत बघतच म्हटलं, "मावशी, राग अजून आहे माझा."

"असू दे," जाई म्हणाली. "कापूस काढू नको. सकाळी सातला तेल कोमट करून ठेव."